एक माणूस तरी घाबरू दे!

शाहूपुरीत माझं पार्लर आहे. एका भुताच्या सिनेमाचा मेकअप केल्यापासून बायका खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "शूटिंगचं सांगा की!" एक भुवई होईपर्यंत एक किस्सा संपतो, दुसरीला दुसरा लागतो. काहीजणी तर गरज नसताना भुवया करून जातात!

सिनेमा माझ्या धाकट्या दिराचा, प्रसादचा. गुऱ्हाळाचा मालक बायकोला उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत ढकलतो आणि ती काकवीने निथळत परत येऊन सूड घेते, अशी गोष्ट. प्रसादने घरी सांगून टाकलं होतं, "बघणाऱ्यातला एकबी माणूस खरोखर घाबरला न्हाय, तर कॅमेरा ठेवतो आणि दादाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो." तेव्हापासून तो एका जागी बसलाच नाही. नखं खात नुसता येरझाऱ्या! त्याला खिळे मोजताना बघणं मला जमलं नसतं.

*

पहिल्या दिवशी माझीच फजिती. हाताला सवय नवरीच्या मेकअपची! हिरॉइन मृणाल बँकेत नोकरी करते, तिला तासभर रंगवलं. प्रसादने कपाळावर हात मारला. "वैनी, ही सूड घ्यायला चाललीय का सासरी?"

मृणाल आरशात बघत म्हणाली, "दोन्ही एकच की ओ!"

*

बाजारातलं खोटं रक्त मला पटेना. मी काकवीत खायचा लाल रंग कालवला. अस्सल दिसलं! सिनेमातल्या मालकाच्या भावाचं प्रेत गुऱ्हाळाच्या अंगणात झोपवलं आणि पाच मिनिटांत मुंगळे लागले. प्रेत धीराचं, मुंगळे सोसले. मग मधमाश्या आल्या! प्रेत उठून थेट उसात पळालं.

मागून प्रसाद ओरडतोय, "अरं, तू मेलायस! मेलायस तू!"

उसातून आवाज आला, "न्हाय अजून! आता मरतोय!"

*

मालकाचं काम जाधव सरांनी केलं. एरवी ते शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या मरणाच्या सीनला त्यांची बायको डबा घेऊन आली. सर कोयत्याच्या घावाने आडवे झाले, डोळे मिटून निपचित पडले. बाई बराच वेळ टक लावून बघत होत्या. प्रसादने आशेने विचारलं, "काकू, भ्या वाटलं काय?"

"छे! घरी इतकं गप पडत न्हाईत ओ. अजून दोन-चार टेक घ्या की!"

*

प्रसादचा धीर सुटत चालला होता. बावड्यातल्या एका घरी त्याने मृणालला भरदुपारी पाणी मागायला पाठवलं. डोळ्यांत पांढऱ्या लेन्स, अंगभर लाल काकवी. हा बाजूला भिंतीआड मोबाइल धरून उभा, घरातली बाई किंचाळायची वाट बघत.

दार उघडलं. मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगं बया! नवऱ्यानं केलं का सासूनं?"

मृणाल भिंतीआडच्या प्रसादकडे बघायला लागली.

"ऱ्हाऊ दे, सांगू नगंस. आत ये. जेवलीस का?"

*

पहिला शो शिवाजी पेठेतल्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. पहिल्या खुनालाच शिट्ट्या! काहिलीच्या सीनला कुणीतरी ओरडलं, "चुलीत जाळ घाला, गूळ कच्चा ऱ्हाईल!" सगळा हॉल हसला. प्रसाद दारापाशी फेऱ्या मारत होता. मला रडू फुटायला आलं.

सगळ्यात मोठ्याने हसत होता तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड माणूस. शेजारी त्याची बायको, गप्प. पडद्यावर मृणाल काहिलीतून वर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "वळिखलं का?" सगळे पडद्याकडे बघत होते. त्या बाईने तेवढी मान वळवली आणि आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

दिवे लागले, लोक हसत बाहेर पडले. तो मात्र जागेवरच, घामाने चिंब. प्रसाद धावत गेला. "पावणं, घाबरलाय व्हय?"

त्याने होकारार्थी मान डोलावली. प्रसादने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक्यू पावणं! लई थँक्यू!"

बाई उठल्या, पदर सारखा केला आणि हातातली पर्स नवऱ्याकडे दिली. त्याने ती मुकाट्याने घेतली.

"पुढच्या रविवारी हाय का ओ परत?" त्यांनी प्रसादला विचारलं. "ह्यास्नी घेऊन येते."