तिचं गप बसणं

लातूरकडच्या एका लहानशा कम्युनिटी रेडिओवर मी मजुरांच्या हक्कांचा कार्यक्रम करायचे, तेव्हाचा माझा तोरा बघण्यासारखा होता. आरशापुढं ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणून पाहिल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. आता नातींना ते करून दाखवते, तर त्या हसून लोळतात.

एकदा रेणापूरकडची एक बाई आली. गटार साफ करायला उतरलेला तिचा नवरा जिवंत वर आला नव्हता, आणि ठेकेदार म्हणत होता, तो आमचा माणूसच नव्हता. चपला बाहेर काढून, माईकला हात जोडून ती बसली. सांगता सांगता थांबायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, मग पुढचं बोलायची.

मी पडले हुशार. रेडिओवर कुणी गप्प बसलं की ऐकणाऱ्याला स्टेशन बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून तिचं सगळं थांबणं मी रेकॉर्डिंगमधून कापून टाकलं.

कार्यक्रम लागल्यावर आठवड्यानं ती परत आली.

“बाई, रेडिओवर लई घडाघडा बोलले की मी. गल्लीतल्या बाया म्हणायल्यात, हिला कुणीतरी पाठ करून दिलंय. ठेकेदार बी त्येच म्हणतोय. ते मधलं गप बसलेलं परत घालता येतं का?”

“नाही हो. पुसलं गेलं ते.”

“मंग जरा बसू का हितं?”

ती माईकसमोर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. या खेपेला मी त्यातलं काही कापलं नाही. पण माईक बंद होता, आणि ऐकायला मी एकटीच होते.