रोटाची एक मूठ जास्त

घरात पोर असूनही बाप न होता येणं म्हणजे काय, ते मी भोगलं आहे. सुपडूच्या आईशी माझा पाट लागला तेव्हा तो लहानगा होता. त्याचा बाप मानमोडीच्या साथीत गेलेला. पोर गुणी, सांगितलेलं काम मुकाट्याने करायचं. पण मला हाक म्हणून मारायचं नाही. जवळ येऊन नुसतं उभं राहायचं, मी वळून पाहिलं की बोलायचं. बैल जुंपायच्या आधी त्यांच्या कपाळावर हात ठेवायची त्याला सवय होती. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणे, बानं. तो बा म्हणजे गेलेला. मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं? देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळापुढे बसून मी रोज मागायचो, माये, ह्याला जुनं विसरू दे, मला एकदा बाप म्हणू दे.

आमच्या नरडाण्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या कुळाला घासही चालत नाही. गहू मोजायचा मान आबांचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा. मी पोरका झालो तेव्हा त्यांनीच मला वाढवलं. बाप कसा असतो ते मी त्यांच्यात पाहिलं, म्हणून त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. पाटानंतरच्या पहिल्या साली त्यांनी सुपडूची मूठ घेतली नव्हती. पोरगा दुसऱ्या कुळाचा, म्हणाले. सणाच्या दिवशी तो शेजारच्या ओट्यावर भाकर खात बसला, आणि इकडे रोट माझ्या घशाखाली उतरेना.

पुढच्या साली सणाआधी मी आबांची खूप मनधरणी केली. ते हो म्हणेनात की नाही म्हणेनात. शेवटी गहू मोजायच्या सकाळी नारळापुढे डोकं टेकलं आणि म्हटलं, माये, मी थकलो, आता तुझं तू बघ. खरं सांगतो, जीव एकदम हलका झाला.

परातीत मुठी पडत गेल्या. माझीही झाली. मग आबांचा हात थांबला आणि त्यांनी सुपडूला पुढे बोलावलं. सगळे भाऊबंद बघत होते.

"पोऱ्या, तू कोना आंडोर शे रे?"

कोणाचा मुलगा, एवढंच विचारलं. पण मला पुढचं दिसलं. पोर खरं सांगणार, आणि त्याचं ताट कायमचं बाहेर जाणार. सुपडूने खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन्हीस्ना," तो म्हणाला. "गया त्या बाना, आन् या बाना."

दोघांचा; माझाही. चारचौघांत मी कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी उपरण्याचं टोक तोंडात धरलं तरी हुंदका आवरेना. आबांनी पुन्हा गव्हात हात घातला. मग म्हणाले, "मंग दोन मुठी लागतीन."

एक सुपडूची, आणि एक त्याच्या गेलेल्या बापाची. परक्या कुळातल्या मेलेल्या माणसाची मूठ आमच्या परातीत त्याआधी कधी पडली नव्हती. आबांना ती बुद्धी कोणी दिली, ते मी विचारलं नाही.

पोराने त्याला विसरावं, असं मी मागितलं होतं. कानबाईने ते दिलं नाही, आणि बरं झालं. जे पोर त्या बापाला विसरलं असतं, त्याने मलाही कधीतरी टाकलंच असतं. माझा हट्ट तिच्या पायाशी ठेवला म्हणून एवढं पदरात पडलं. आता आबा नाहीत, गहू मी मोजतो. त्या गेलेल्या बापाची मूठ अजून घेतो. आणि रोट उरू द्यायचा नसतो, म्हणून त्या माणसाच्या वाट्याचा घास दरवर्षी मी खातो.