आपल्याच तोफेखाली गेलेला पाय

आमच्या निमगावात सैन्यातून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, मेजर. माझा नवरा नायक म्हणून परत आला, डावा पाय घोट्याखाली नसलेला, आणि एसटीतून उतरल्या उतरल्या मेजर झाला. नायक आणि मेजर यांत बरंच अंतर असतं, हे मी सुरुवातीला दोन-चार जणांना सांगून पाहिलं. "असंल की," म्हणाले आणि पुढंही मेजरच म्हणत राहिले. मी नाद सोडला. भाजीपाल्याची रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला दुसरी कामं असतात.

पाय कसा गेला ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरून झाला. युद्ध नव्हतं, सीमाही नव्हती. शांत छावणी होती. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून तोफा मैदानात एका रांगेत लावायच्या होत्या आणि रांग सरळ दिसत नव्हती. एक तोफ गाडीच्या हुकाला अडकवून हातभर पुढं घ्यायची होती. जमीन उताराची, चाकामागचा ठोकळा सरकला, तोफ मागं आली. रांग सरळ करण्यापायी पाय गेला. साहेब ठरल्या वेळी आले आणि पाहणी उत्तम झाली, असं मला नंतर कळलं.

इस्पितळात त्याच्या तुकडीतले सुभेदार भेटायला आले. मी त्यांना सरळ विचारलं, काय मिळणार आणि काय नाही. त्यांनीही सरळ सांगितलं. पेन्शन मिळेल, कृत्रिम पाय मिळेल, पदक मिळणार नाही. जखमी जवानाला देतात ते पराक्रम पदक शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमेसाठी असतं. आपली तोफ म्हणजे शत्रू नव्हे. मला ते पटलं. नवऱ्यालाही पटलं होतं. कित्येक वर्षं तो माझ्या शेजारी बसून ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होता, टोमॅटोचं आणि ढोबळी मिरचीचं बी टोचत होता, आणि पदकाचा विषय घरात एकदाही निघाला नव्हता.

पटलं नव्हतं ते गावाला. "मेजर, पाय गेला आन् पदक न्हाय? ह्यो कसला न्याय?" चहाच्या टपरीवर बसून ज्यांना आपल्या ऊसतोडीची तारीख मिळवता येत नाही, ते माझ्या नवऱ्याला सैन्याकडून न्याय मिळवून द्यायला निघाले. तो आधी हसायचा. मग हसेनासा झाला.

गेल्या पंधरा ऑगस्टला तरुण मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. बारामतीहून छापून आणला होता. पोरांनी आधार कार्डावरचा चेहरा पाठवला आणि छापणाऱ्यानं तो कुणा अधिकाऱ्याच्या धडावर बसवून दिला. छातीवर पदकांच्या दोन ओळी, कमरेला तलवार, आणि चकचकीत बुटांत दोन पाय. रंग जुळवायचीही तसदी घेतली नव्हती. तोंड रापलेलं, हात गोरेपान. नवरा त्या फ्लेक्ससमोर उभा राहिला तो हलेचना.

"चला," मी म्हटलं, "तोंड तेवढं तुमचं हाय. बाकीचा माणूस कोण ते मला ठाऊक न्हाय."

एरवी तो यावर हसला असता. त्या दिवशी म्हणाला, "बरं दिसतंय की."

तिथून सुरू झालं. आमच्या गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन त्याला आपल्या गाडीत घालून इंदापूरला घेऊन गेला. तिथं अर्ज लिहून देणारा एक माणूस आहे, जो कशासाठीही अर्ज लिहितो. त्यानं नवऱ्याला विचारलं, "तोफेच्या जागी सुरुंग लिवू का? लगीच नियमात बसंल." नवऱ्यानं नको म्हटलं. तेवढी शुद्ध शिल्लक होती. खरं होतं तेच लिहिलं आणि जे उत्तर सुभेदारांनी इस्पितळात दिलं होतं, तेच सरकारी भाषेत परत आलं. पात्र नाही. मला वाटलं, संपलं.

चेअरमनचं संपलं नव्हतं. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती आणि आसपासच्या गावांत माजी सैनिकांची घरं पुष्कळ. सव्वीस जानेवारीच्या आधी तो शेडनेटमध्ये आला, रोपांच्या ट्रेवर पाय पडणार नाही याची कसलीही काळजी न घेता, आणि खिशातून डबी काढून उघडली. आत पराक्रम पदक होतं. रिबीन लावलेलं, कोरं.

"वैनी, सरकार इसरलं, पर गाव इसरणार न्हाय. झेंडावंदनाला मेजरला हे लावायचं. तुमच्या हातानं."

"हे दुकानात मिळतं व्हय?"

"मिळतं की. पुण्यात समदी मिळत्यात."

"मग याच्या वरचं आणायचं. हात कशाला आखडता घेतला?"

चेअरमननं खरोखर विचार केला. "ते जरा जास्तच दिसलं असतं, वैनी," तो म्हणाला.

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्याला पाय उचलायला सांगितलं, खालची रोपं सरळ केली आणि त्याला घालवलं. नवऱ्याशी मात्र बोलणं भाग होतं. तो ओट्यावर बसून जुन्या कोटाला इस्त्री करत होता. नऊ वर्षांच्या सेवेचं पदक त्याला रीतसर मिळालेलं आहे. ते कोटावर आधीच लावलेलं होतं आणि शेजारी जागा मोकळी ठेवली होती.

"तुमाला ते दुकानातलं आपलं वाटतं का?" मी विचारलं.

"पाय तर माझाच हाय," तो म्हणाला.

मी रोपांना पाणी द्यायला गेले. पण एक मला स्पष्ट दिसत होतं. पाय गेला तरी या माणसानं आजवर कुणापुढं मान खाली घातली नव्हती. हे पदक एकदा छातीवर चढलं, की कुठल्या लढाईत मिळालं हे कुणी ना कुणी विचारणार, आणि मग त्याला एक तर खोटं बोलावं लागणार किंवा विषय बदलावा लागणार. मरेपर्यंत.

शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. झेंडा झाला, मुलांची कवायत झाली, मग सत्कार. पंचक्रोशीतले माजी सैनिक फेटे बांधून खुर्च्यांवर बसले होते. त्यांत वरकुट्याचा एक जण होता, खांद्यात गोळी लागलेला. त्याच्या छातीवर तेच पदक होतं, खरं, रिबीन जरा विटलेली. माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि मान वळवली.

सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी मला "वीरपत्नी" म्हणून पुकारलं. शहीद जवानाच्या विधवेला तसं म्हणतात, हे त्यांच्या गावी नव्हतं. नवरा फेटा बांधून समोर जिवंत उभा होता. मी वर गेले. हातात ताट दिलं. हळद-कुंकू, निरांजन, सुपारी आणि सुपारीशेजारी ते पदक. मी ओवाळलं, कुंकू लावलं.

"लावा वैनी, फोटू घ्यायचाय," चेअरमन कानाशी म्हणाला.

नवरा छाती काढून समोर बघत उभा होता, परेडला उभा राहावा तसा. ओठ न हलवता म्हणाला, "लाव."

मी पदक उचललं आणि पुन्हा ताटात ठेवलं. "चेअरमन," मी म्हटलं, "ह्यांचा पाय आपल्याच तोफेखाली गेला. शत्रूनं जखमी केलेल्याला हे पदक असतं. जिथनं आणलंय तिथं परत द्या."

माइक जवळच होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मागं पोरं हसली. चेअरमनही हसला, "वैनी लई गमती," म्हणाला आणि घाईघाईनं नवऱ्याच्या खांद्यावर शाल टाकली. शालीला पात्रता लागत नाही, त्यामुळं ती सगळ्यांनाच मिळाली.

नवरा माझ्यापुढं चालत घरी आला. कोट काढून खुंटीला लावला, पाय सोडवून भिंतीला टेकवला आणि माझ्याकडं पाठ करून बसला. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. वरकुट्याचा तो माणूस. न बोलावता आला, न सांगता बसला आणि म्हणाला, "वैनी, जेवायला घाला. सत्कारात निस्ता नारळ दिला."

मी पिठलं-भाकरी वाढली. तिसऱ्या भाकरीला नवऱ्यानं विचारलं, "तुला कशी लागली?"

"गोळी? परसाकडला बसलो व्हतो."

"आं?"

"डोंगरात, पहाटंचं. चौकीपास्नं जरा लांब. उठाया लागलो आन् खांद्यात शिरली. इजारीची नाडी धरूनच पळालो."

"आणि त्याला पराक्रम म्हणतात," मी म्हटलं.

"नाव सरकारनं ठिवलंय, वैनी. मी न्हाय ठिवलं. अजून पिठलं हाय का?"

नवरा त्याच्याकडं बघत राहिला. "म्हंजी तू बसला व्हतास," तो सावकाश म्हणाला, "आन् मी काम करत व्हतो."

"व्हय. पर गोळी त्येंची व्हती."

"आन् तोफ आपली."

"तोफ आपली," पाहुणा म्हणाला आणि भाकरी मोडली. मग दोघं हसायला लागले, इतके की नवऱ्याला ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पाहुण्यानं पाचवी भाकरी संपवली, खांदा दुखतो अशी तक्रार केली आणि गेला.

मी भांडी गोळा करत होते. नवरा म्हणाला, "तू लावलं असतंस, तर मी काढलं नसतं."

"ठाऊक व्हतं."

"मग घरात बोलायचं. मैदानात कशाला?"

"घरात ऐकलं असतं का?"

"न्हाय," त्यानं कबूल केलं. मग फोन उचलून त्यानं चेअरमनला लावला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, हसण्याचाही आवाज आला. नवऱ्यानं ते संपू दिलं.

"परत करा दुकानात," तो म्हणाला. "माझं न्हाय ते."