अलिबाग ते नैनीताल, मध्ये माझं स्वयंपाकघर

मैत्रिणींनो, आज दुपारपासून डोकं फिरलंय माझं.

माझा दीर अलिबागला राहतो. तिथून गाडीनं थेट नैनीतालला जायचं प्लॅनिंग करून राहिला. आज घरच्या ग्रुपवर त्यानं यादी टाकली. गाडीत तो, त्याची बायको, दोन मुलं आणि जबलपूरहून माझा नवरा, कारण तिथून पुढे गाडी त्याचा हा दादा चालवणार.

माझं नाव खाली, मुक्कामांच्या यादीत! "जबलपूर: वहिनीकडे जेवण, कपडे धुणं, सकाळी पराठे बांधून घेणे."

लगेच फोन लावला. "काहून भाऊजी, मला गाडी चालवता येत नाही का?" सदर बाजाराच्या गर्दीतून रोज शाळेत शिकवायला मीच गाडी घेऊन जाते!

तर म्हणे, "अहो वहिनी, तुम्ही गाडीत बसल्या तर आमचं जेवणाचं कोण पाहणार?"

नवरा बाजूलाच बसून होता. "अच्छा चलो, तू पुढच्या वेळी ये," म्हणाला.

मग मीही ग्रुपवर लिहिलं, "त्या आठवड्यात मी समुद्र पाहायला अलिबागला येऊन राहिली. जबलपूरला स्वयंपाक तुमचे दादा करतील. भाऊजी, तुमच्या घराची चावी शेजारी ठेवून निघा."



तुमच्या घरी सहली ठरतात, तेव्हा तुमचं नाव कोणत्या यादीत असतं?