डोळे उघडे ठेवून गा

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. चाकणच्या एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबला, आणि उरलेल्या वेळात एका सिनेगायकाची भक्ती केली. त्या गायकाचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावा लागतो आणि टाइप करायला मला दोन्ही हात लागतात. म्हणून नुसतं 'साहेब' म्हणते. हेही तसंच म्हणतात.

व्हीआरएस घेतल्यावर प्रेसशॉपमधल्या जुन्या मंडळींनी कराओकेचा ग्रुप काढला. पिंपरी-चिंचवडमध्ये आता दर दोन गल्ल्यांआड असा एक ग्रुप सापडतो. ह्यांचा ग्रुप वर्षातून एकदा चिंचवडला लहानसं सभागृह घेऊन साहेबांचा वाढदिवस साजरा करतो. साहेब हयात आहेत, मुंबईला असतात, आणि चिंचवडला आपला केक कापला जातो याची त्यांना गंधवार्ता नाही. पहिला तुकडा त्यांच्या फोटोपुढे धरतात. साहेब काही बोलत नाहीत असं बघून मग तो स्वतः खातात.

शेवटचं गाणं कुणी म्हणायचं हा ग्रुपमधला सगळ्यात मोठा मान. यंदा तो पहिल्यांदाच ह्यांच्याकडे आला होता. मुलीच्या सासरची मंडळी चऱ्होलीहून खास ऐकायला येणार होती. हे महिनाभर गरम पाणी पीत होते, ताकाला शिवत नव्हते, आणि माझ्याशी कमी बोलत होते. गळा जपायचा म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

माझं कंपन्यांचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. ग्रुपला यंदा एकसारखी जॅकेटं हवी होती, म्हणून मापं घ्यायला मी रविवारी दापोडीला गेले. तालीम तिथे चाचांच्या गॅरेजमध्ये चालते. चाचा पूर्वी ह्यांच्याच शॉपमध्ये फिटर होते, आता मोटरसायकली दुरुस्त करतात आणि ग्रुपचा साउंड सांभाळतात. दुसरे कायम हजर असणारे म्हणजे ह्यांचे जुने फोरमन. ते चाकणजवळच्या एका गावचे. ते गात नाहीत. गाण्यांच्या मध्ये जुन्या सिनेमातल्या एका विनोदी नटाची नक्कल करतात आणि तो नट आपल्यापुढे कसा फिका पडला असता हेही स्वतःच सांगतात.

ह्यांचं गाणं सुरू झालं. मी टेप घेऊन फोरमनच्या पोटाशी होते. (पोट मापात बसत नव्हतं आणि ते श्वास सोडत नव्हते.) दोन ओळींतच माझ्या लक्षात आलं की हे ट्रॅकच्या मागे चाललेत. थोडे नाहीत, चांगले अर्धी ओळ. तबला पुढच्या स्टॉपवर उतरलेला आणि हे अजून बसमध्ये. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे माना डोलवत होते.

"क्या बात है!" चाचा म्हणाले.

"साहेबच उतरलं राव अंगात," फोरमन म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रुळांवरून गाडी गेली. पत्रे थरथरले, पाना टेबलावरून खाली पडला. कुणाची पापणी हलली नाही. तेव्हा मला सगळं कळलं. प्रेसच्या दणक्यांनी ह्या सगळ्यांचे कान कधीच अर्धे खाल्ले होते, आणि सगळ्यांचे सारखेच खाल्ले असल्यामुळे कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. ही मंडळी ते खिशात ठेवायची. मशीनवर गुणगुणताना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून! गाण्यासाठी कान वाचवायचे सोडून गाण्यासाठी कान घालवणारी ही एवढीच माणसं मी पाहिली.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं. "अहो, तुम्ही ट्रॅकच्या मागे गाताय."

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं नाही, शिवणातलं कळतं. वरचं कापड आणि खालचं कापड बरोबर सरकलं नाही की चुणी पडते. तुमच्या गाण्याला चुण्या पडल्यात. कानाच्या डॉक्टरकडे चला."

"कानात मशीन घालून साहेबांचं गाणं गाऊ? लोक हसतील."

"मशीन न घालता गायलात तर जास्त हसतील. व्याही पहिल्या रांगेत असणार."

मी म्हटलं, निदान स्क्रीनवरचे शब्द बघून गा, रंग बदलला की ओळ उचला. तर म्हणाले, साहेबांनी कधी बघून गायलं नाही. साहेबांनी कधी पत्राही दाबला नव्हता, पण तो मुद्दा मी काढला नाही.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात आले. आवाज खाली आला होता. "खरंच मागे असतो मी?"

"खरंच."

"मग आता?"

उपाय आमच्या जेवणाच्या टेबलावरच होता. प्रेसशॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळं खुणांनी चालतं. बोट गोल फिरवलं की चालू कर. मूठ वर धरली की थांब. अंगठा म्हणजे माल पास. तळव्यावर तळवा घासला की रीवर्क, म्हणजे थोडी दुरुस्ती करून चालेल. गळ्यावरून हात फिरवला की स्क्रॅप. संसारभर ह्यांनी माझ्या आमटीवर याच खुणांनी निकाल दिले आहेत, तेही पाहुण्यांसमोर. त्यामुळे मला सगळ्या पाठ.

ठरलं असं: मी पहिल्या रांगेत मधोमध बसायचं, ओळ उचलायची वेळ आली की बोट फिरवायचं, मधलं संगीत सुरू झालं की मूठ. ह्यांनी माझ्याकडे बघत गायचं.

"बायकोकडे बघत गायलो तर लोकांना वाटेल प्रेम उतू चाललंय," हे म्हणाले.

"वाटू द्या. मी नंतर खुलासा करीन."

कार्यक्रमाच्या दिवशी एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. पहिल्या गाण्याला मी सवय व्हावी म्हणून जरा बोट फिरवून पाहिलं, आणि गाणाऱ्याने लगेच ओळ उचलली. तोही प्रेसशॉपचाच. मग काय, दुसरा आला तो थेट माझ्याकडे बघतच माइक धरून उभा राहिला. एकापाठोपाठ एक नव्या जॅकेटांतले लोक माझ्या हाताकडे डोळे लावून प्रेमगीतं म्हणू लागले. शेजारी विहीणबाई. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही यांना शिकवता का?"

"नाही, जॅकेटं मी शिवलीत," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

फोरमनची नक्कल लांबली तेव्हा मी मूठ वर धरली. तेही थांबले. सभागृहाने त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या.

शेवटी हे आले. बोट फिरवलं, उचललं. मूठ, थांबले. पहिलं कडवं तबल्याला धरून गेलं. मुलगी चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या कडव्याला ह्यांचा आवाज खरंच लागला, आणि त्या भरातच पुढे घोटाळा झाला. साहेब शेवटच्या कडव्याला डोळे मिटून गातात. ह्यांनीही मिटले.

मी बोट फिरवलं. मूठ धरली. उठून उभी राहिले. उपयोग शून्य. मधलं संगीत संपलं, ट्रॅक पुढे निघाला, हे मागून निवांत. मग ट्रॅक संपला. ह्यांच्या दोन ओळी बाकी होत्या. चाचांचा हात माइक बंद करायला गेला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण स्क्रीन काळी झालेली दिसत होती. मी त्यांच्याकडे वळून बोट गरागरा फिरवलं. चालू ठेवा!

चाचांनी हात मागे घेतला. त्या दोन ओळी ह्यांनी नुसत्या गळ्यावर म्हटल्या. सोबत तबला नव्हता, म्हणजे मागे पडायला काही नव्हतंच. सभागृहात कुणी हसलं नाही. व्याही तर म्हणाले, शेवटी वाद्यं थांबवायची कल्पना छान होती. मी मान हलवली.

टाळ्या सुरू झाल्यावर हे डोळे उघडून पहिल्यांदा काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. निकाल मागत होते. टाळ्या त्यांना ऐकू आल्या असतीलही, पण निकाल मला विचारला.

मी तळव्यावर तळवा घासला.

मग माइक स्टँडला लावता लावता त्यांनी एक हात कानाकडे नेला. मला वाटलं साहेबांचं नाव घेणार. पण पाळीला न लावता त्यांनी बोट सरळ कानावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

सोमवारी आम्ही डॉक्टरकडे गेलो. फोरमन आणि चाचाही बरोबर आले. नुसते बघायला, म्हणाले.