नागालँडचा माणूस

इंगळे सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी बडनेऱ्याला मूर्तिजापूरच्या बसची वाट पाहत उभी होते. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं, असं ती रडत रडत सांगत होती. खरं सांगते, मला आधी रडू नाही, राग आला. अहो, फेब्रुवारी तोंडावर आलेला, चौथीच्या पोरांची भूगोलाची राज्यं अर्धवट, त्यातल्या आम्रपालीला दिलेला शब्द तसाच लटकलेला... आणि हा माणूस असा निघून जातो? बस लागली, माणसं चढली, बस गेली. मी तिथंच बाकड्यावर बसले आणि मग मात्र हमसून हमसून रडले.

आमची शाळा मूर्तिजापूरच्या अलीकडं, हायवेपासून थोडी आत. दोनच शिक्षक. ते अकोल्याहून गाडीनं यायचे, मी अमरावतीहून बसनं. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी त्यांची. अकरा वर्षं सोबत काढली आणि त्यातली निम्मी भांडणात गेली असतील. भांडणाचं कारण बहुतेक वेळा एकच, त्यांचा भूगोल. चौथीच्या प्रत्येक पोराला ते वर्षाच्या सुरुवातीला एक राज्य द्यायचे. पोरानं वर्षभर त्या राज्याचा शोध घ्यायचा आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी गावासमोर ते मांडायचं. पुस्तक वाचा, नकाशा काढा, मोबाइलवर पाहा, सगळं चालेल. फक्त अट एक होती. त्या राज्यातला एक तरी माणूस स्वतः भेटला पाहिजे, त्याच्याशी बोललं पाहिजे, नाहीतर ते राज्य मांडायचं नाही.

मला हे खूळ वाटायचं. दुकानात तयार तक्ते मिळतात, सण, पोशाख, राजधानी, सगळं रंगीत. पण सर ऐकतील तर शपथ. पंजाबसाठी ते पोट्ट्यांना हार्वेस्टरवाल्या सरदारजीकडं न्यायचे, गुजरातसाठी उन्हाळ्यात वावरात गाई घेऊन उतरणाऱ्या काठेवाडी लोकांकडं. एकदा बोअर खणायच्या गाडीवरच्या तमिळ माणसाला एका पोरानं पावसाचं विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडं खरा पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो. पोरानं तसं लिहिलं. मी ती वही पाहिली आणि लाल पेनानं काट मारली, वर त्या पोराला चार शब्दही सुनावले.  दुसऱ्या दिवशी सरांनी फक्त पुस्तकाचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि चहा मागवला. तमिळनाडूत खरंच तेव्हाच पाऊस पडतो हो. मी त्या पोराची माफी मागितली, पण सरांवरचा माझा राग दोन दिवस गेला नाही.

मागच्या जूनमध्ये या आम्रपालीनं सरांना अडचणीत आणलं. बारीकशी पोरगी, आईबाप दोघंही रोजमजुरीला जाणारे, पण प्रश्न विचारायला अजिबात भिणार नाही. भिंतीवरच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "सर, हे राज्यं तुमी कोणालेच काहून नाई देत?"  खरी गोष्ट अशी होती, की तिकडची माणसं आमच्या भागात सापडत नाहीत म्हणून सर ती राज्यं दरवर्षी वगळायचे. त्या दिवशी त्यांनी ते वर्गासमोर कबूल केलं, आम्रपालीला नागालँड दिलं आणि सांगून टाकलं, माणूस मी शोधून देतो.

झालं, सर पेटले. रविवारी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या गेटवर उभे राहायचे. स्टेशनवर चौकशी, सैन्यातून सुटीवर आलेल्यांकडं चौकशी. दिवाळीनंतर त्यांना मणिपूरची एक विद्यार्थिनी भेटली. चांगली पोरगी होती, शाळेत यायलाही तयार होती. मी म्हटलं, घ्या की मग, मणिपूर काय नि नागालँड काय, शेजारीच तर आहेत, इथं कोणाला कळणार आहे? सरांनी चष्मा काढला. अकरा वर्षांत भांडायचं काम माझं; ते माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. म्हणाले, "मॅडम, उद्या कोणी तुमाले इंदूरच्या म्हटलं तं चालन का? त्या पोरीनं खऱ्या माणसाची वाट पायली हाये. मी तिले खोटा माणूस नाई देणार."

संक्रांत झाली आणि सर गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली-कार्यक्रमाला मी अकोल्याला गेले, तिथं सगळे हेच म्हणत होते, की यंदा राज्यांचा कार्यक्रम राहू द्या, त्याऐवजी शोकसभा घ्या. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. चारही वर्ग आता माझ्याकडं होते, डोकं फिरायची वेळ आली होती, पण तारीख हलणार नाही हे मी ठरवून टाकलं. आम्रपाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, मॅडम, मी नाई मांडत, तुमी टेन्शन नका घेऊ. त्या पोरीनं मला समजूतदारपणा दाखवावा, याचं मला फार वाईट वाटलं. तिला म्हटलं, तू वही पूर्ण कर, माणसाचं मी पाहते. म्हटलं खरं, पण माणूस कुठून आणणार होते मी? सरांसारखीच लागोपाठ तीन रविवार अकोल्याला जाऊन आले. रिकाम्या हातानं.

आणि मग जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचं दुकान आहे. तिथं रोज सकाळी एक पोरगा येतो, ट्रॅकसूट घातलेला, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकणारा. दुकानदार त्याला हाक मारतो, "ए नेपाळी". सगळी गल्ली त्याला नेपाळीच म्हणते. मीही म्हणायचे. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून दूध घेत होते. त्या सोमवारी, तीन रविवारच्या सवयीनं असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "बेटा, कहाँ के हो?"

"नागालँड," तो म्हणाला.

 सर सात महिने अकोला पालथं घालत होते आणि त्यांचा माणूस माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर भाड्यानं राहत होता. मी एकदा, फक्त एकदा विचारलं असतं तर... सरांनी त्याला पाहिलं असतं. ही बोच माझ्या मनातून जायची नाही.

त्याला सगळं सांगितलं. तो एका शब्दात हो म्हणाला आणि शनिवारी माझ्यासोबत बसनं आला. आम्रपालीनं आधी त्याला वर्गात बसवून तासभर प्रश्न विचारले. घरची कोणती गोष्ट आठवते, यावर तो म्हणाला, सोयाबीन. त्यांच्याकडं सोयाबीन उकडून, पानात बांधून आंबवतात आणि भाजीत घालतात. इथं बसच्या खिडकीतून जिकडंतिकडं सोयाबीनचं वावर दिसतं, म्हणे, आणि घरची फार आठवण येते. आम्रपालीचे डोळे मोठे झाले. तिची आई त्याच सोयाबीनच्या सोंगणीला, कापणीला जाते ना.

दुपारी गावासमोर तिनं नागालँड मांडलं. डोंगर, नद्या, पाऊस, शेती, एकही शब्द अडला नाही. शेवटी त्याच्याकडं हात करून म्हणाली, "यायचं नाव इनातो. जिल्हा झुनेबोटो, राज्य नागालँड. यायले आमच्या वानखडे मॅडमनं शोधलं." टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या सोसवेनात. मी उठले आणि लोकांना आधी मराठीत, मग इनातोकडं वळून हिंदीत खरं काय ते सांगितलं. याला मी दोन वर्षं नेपाळी म्हटलं, याचं नाव मला याच सोमवारी कळलं. याला सात महिने शोधत होते ते सर, मी नाही.    मग इनातोनं आम्रपालीला विचारलं, "जो सर मुझे ढूँढ रहे थे, उनका नाम क्या था?"

आम्रपाली सरळ उभी राहिली.

"सुधाकर इंगळे," ती म्हणाली. "जिल्हा अकोला, राज्य महाराष्ट्र."