विमानाच्या फॉर्मवरची सही

एअरफोर्समधून रिटायर होताना पेटी रिकामी करून द्यावी लागते, पण किश्श्यांचं क्लिअरन्स कुणी घेत नाही. ते सगळे घरी येतात. आणि एकाच ट्रेनिंग बेसवर उमेदवारी केलेले चौघे म्हातारे वसईत राहत असतील, तर मग विचारूच नका!

मी क्लार्क, राणे पॅराशूट सेक्शनचे, हरेश्वर हवामान खात्यातला आणि डॉमनिक इंजिन फिटर. दर रविवारी डॉमनिक चर्चमधली मिस्सा आटोपून आला, की पाचूबंदरला चहाच्या टपरीवर आमची बैठक बसते. गेल्या वर्षी बेसवरून एका तरुण ऑफिसरचा फोन आला. मुलगा साताऱ्याचा. बेसचा इतिहास छापतोय, आठवणी पाठवा, म्हणाला. मला टायपिंग येतं, या एकाच गुन्ह्यासाठी मला इतिहासकार करण्यात आलं.

*

पहिली आठवण राण्यांची. वैमानिकांची पॅराशूटं घडी करून त्यावर तारखेची चिठ्ठी लावायची, ठरावीक दिवसांनी उलगडून पुन्हा घडी घालायची, यात त्यांची हयात गेली. ती सवय घरी आली. कपाटातल्या प्रत्येक चादरीला चिठ्ठी! एकदा मेहुणे मुक्कामाला आले. वहिनींनी चादर मागितली, तर राण्यांनी चिठ्ठी वाचून सांगितलं, "हिची तपासणीची तारीख उलटलीय. देता येणार नाही."

मेहुणे सतरंजीवर झोपले. चिठ्ठ्या अजून आहेत.

*

शिकाऊ वैमानिक पहिल्यांदा एकटा विमान उडवून खाली उतरला, की त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची आमच्याकडे पद्धत होती. एका उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. साहेबांनी तोडगा काढला: रोज रोज ओतू नका, आठवडाभरातले सगळे सोलोवीर शनिवारी एका ओळीत उभे करा आणि ती ओळ गुलाबाच्या वाफ्यात लावा. ऑर्डर मीच टाइप केली.

त्या वर्षी बागेला पहिलं बक्षीस मिळालं. भाषणात सगळं श्रेय माळ्याला गेलं.

*

हरेश्वर पाचूबंदरचाच, घरची बोट. सुट्टीवरून जाताना त्याने सुक्या बोंबलांची माळ नेली आणि हवामान ऑफिसच्या खिडकीत टांगली. बोंबील मऊ पडले, की पाऊस. यंत्रं चुकायची, बोंबील नाही. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी नाक दाबून विचारलं, हे काय आहे? हरेश्वर ताठ उभा राहून म्हणाला, "आर्द्रतामापक, सर. लोकल."

साहेबांनी ते सामानाच्या यादीत चढवायला लावलं. पुढे मांजराने माळ पळवली, तेव्हा सरकारी उपकरण गहाळ झाल्याची रीतसर चौकशी बसली. साक्षीदार तीन, आरोपी फरार.

*

आता डॉमनिक. वसईजवळच्या गास गावचा, शेतकऱ्याघरचा, बोलणं कमी. उड्डाणाआधी फिटरने विमान तपासून फॉर्मवर सही करायची, मगच वैमानिकाने करायची, हा नियम. फिटरची सही नाही तर विमान जागचं हलत नाही.

एक दिवस बेसचे सर्वांत मोठे साहेब स्वतः उडवणार होते. बँड उभा, शिकाऊ मुलं रांगेत. डॉमनिकने इंजिन चालू करून ऐकलं, पेनाला टोपण लावलं आणि आवाज बरोबर नाही म्हणाला. समजावलं, दरडावलं, पण पठ्ठ्या हलला नाही. दोन दिवस इंजिन खोलून बसले. काही म्हणजे काही सापडलं नाही! डॉमनिकचं प्रमोशन गेलं ते गेलंच. आणि एका फिटरने साहेबांना थांबवलं असं लिहायचं कसं, म्हणून ऑर्डरमध्ये आलं: "खराब हवामानामुळे उड्डाण रद्द." आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वाक्य वरून आलेलं, बोटं माझी.

हरेश्वर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या हवामानावर आळ आला होता. डॉमनिक मात्र बोलत राहिला, याचीच मला जास्त लाज वाटते. या इतिहासाचं कळलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं. "तेवडा एक दिवस खरा लिव."

मी लिहिला. दोनदा तपासून पाठवला.

*

समारंभाला बेसने चौघांना बोलावलं. गुळगुळीत कागदावरचा इतिहास हातात आला. गुलाबाची बाग होती, पान भरून. बोंबील नव्हते. आणि त्या दिवसापुढे छापलं होतं: खराब हवामानामुळे उड्डाण रद्द.

मी साताऱ्याच्या पोराला गाठलं. तो बिचारा ओशाळला. छापण्याआधी सगळं जुन्या रेकॉर्डशी ताडून पाहावं लागतं, म्हणाला. मग हळूच, "सर, त्या ऑर्डरखाली टायपिस्ट म्हणून तुमचीच सही आहे."

मी डॉमनिकपुढे ते पान उघडून धरलं. त्याने पान वाचलं, पुस्तक मिटून काखेत धरलं.

गेटजवळ चौथऱ्यावर एक जुनं विमान रंगरंगोटी करून उभं केलं होतं. डॉमनिकने शेपटीवरचा नंबर वाचला. तेच! इंजिन केव्हाच काढून घेतलेलं. तरी त्याने नाकाडावर तळवा टेकला आणि कान लावून बराच वेळ उभा राहिला.

खाली टेबलावर पाहुण्यांची वही होती. नाव, गाव, अभिप्राय, सही. आम्ही तिघांनी छान छान लिहून सह्या ठोकल्या. डॉमनिकने नाव लिहिलं, गाव लिहिलं. अभिप्रायात लिहिलं, "हवामान स्वच्छ होतं." आणि पेनाला टोपण लावलं.

"सर, सही राहिली," पोरगा अदबीने म्हणाला.

"या विमानावर मी सही करनार नाय."